कोळपे वायरमनचं वाक्य

“शैलाताई, तुमच्या कोळपे वायरमनचं वाक्य भिंतीवर सगळ्यात वर घ्यायचं. मोठ्या अक्षरात,” रणदिवे सर म्हणाले आणि त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. “काय बोललाय हो माणूस! वाचा, मोठ्यानं वाचा.”

मी वाचलं नाही. मला ते पाठ होतं, कारण ते मीच लिहिलं होतं. कोळपे त्यातला एक शब्दही बोललेले नव्हते. बोलणार कुठून? चार महिने मी त्यांच्या जिन्याची पायरी चढले नव्हते.

“चष्मा नाहीये माझ्याकडे,” मी म्हटलं. चष्मा माझ्या डोक्यावर होता. लोखंडे वहिनींनी तो बघितला. वही ओढून घेऊन त्यांनीच वाचलं, “‘खांबावर चढून जेवढं गाव दिसायचं, त्याहून जास्त मला आता अंथरुणावरून दिसतं.’ अगंबाई!”

“बघा,” सर म्हणाले. “असं वाक्य आपल्याला सुचेल का?”

मी मान हलवली.

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बावन्नची होते, तहसील कचेरीत आवक-जावक बघत होते, आणि उरलेल्या वेळात वाचनालय मित्रमंडळ. नाव मोठं. कागदावर बावीस माणसं, प्रत्यक्षात सर, वहिनी, मी धरून पाच, आणि त्या पाचांतले भालेराव मुख्यतः चहाच सांगायचे. पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची, पाठीवर नंबर चिकटवायचे, आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा चौदा वाचकांना दर पंधरा दिवसांनी घरी जाऊन पुस्तक बदलून द्यायचं. या शेवटच्या कामाला सरांनी एक नियम घालून दिला होता. नुसतं पुस्तक टेकवून निघायचं नाही. आधीचं कसं वाटलं ते बसून ऐकायचं आणि वाचणाऱ्याच्याच शब्दांत एका ओळीत वहीत उतरवायचं. ऐकल्याशिवाय पुस्तक बदलायचं नाही. सर तीस वर्षं मुख्याध्यापक होते. वही तपासल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

वाचनालयाला पंच्याहत्तर वर्षं होत होती. बाजारतळाकडची भिंत पानाच्या पिचकाऱ्यांनी आणि जाहिरातींनी बरबटलेली असायची. ती घासून तिच्यावर चित्र काढायचं ठरलं. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या फरजाना मुकादम आमच्या मंडळात होत्या. त्यांनी कल्पना काढली, की भिंतीवर चौदा खिडक्या रंगवू. प्रत्येक खिडकीत घरी बसलेल्या एका वाचकाचा चेहरा, कारण ती माणसं काही वाचनालयात येऊ शकत नाहीत. सरांनी त्यात भर घातली, की खिडकीखाली त्यांचं वहीतलं वाक्य. झालं, माझं खोटं भिंतीवर चढायची सोय झाली.

कोळपे वीज मंडळात वायरमन होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खांबावरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. कासार आळीत भांड्यांच्या दुकानावर त्यांची खोली. सव्वीस पायऱ्यांचा लाकडी जिना, कठड्याऐवजी धरायला दोरी. वर कोळपे पाठीवर पडलेले, छातीवर पाट आणि पाटावर पुस्तक. आणि बोलायचे! बाई बाई बाई. पहिल्या पानापासून सुरुवात. कोण कुठल्या गाडीतून उतरला, त्याच्या पिशवीत काय होतं, चहावाल्यानं त्याच्याकडे कसं बघितलं, सगळं. दीड दीड तास. मी उठायला लागले की म्हणायचे, “थांबा ताई, खुनी अजून घरातच आहे.”

माझ्या घरी तेव्हा सासूबाई खुब्याचं हाड मोडून पडलेल्या. नवरा बदलीवर, आठवड्यातून एकदा येणार. पहाटे उठायचं, त्यांचं सगळं आवरायचं, कचेरी, परत येऊन पुन्हा तेच. घरात एक अंथरुणावरचं माणूस आणि गुरुवारी बाहेर दुसरं. माझा जीव मेटाकुटीला आला होता. एका गुरुवारी गुडघे फार दुखत होते म्हणून गेले नाही. त्यांच्याकडचं पुस्तक वहीत जमा दाखवलं, नवं त्यांच्या नावावर काढलं आणि घरी दाराआड पिशवीत ठेवून दिलं. पुढच्या वेळी नेऊ, म्हटलं. पुढच्या वेळी जायचं तर मागच्या वेळी का आला नाहीत याचं उत्तर द्यावं लागणार. ते टाळलं. मग टाळत गेले. चार महिन्यांत आठ पुस्तकं त्यांच्या नावावर निघाली आणि जमा झाली, आणि वहीत आठ वाक्यं लागली.

आणि खरं सांगू का, ती वाक्यं लिहिताना मला बरं वाटायचं. माझ्या वहीतले कोळपे फार शहाण्यासारखे बोलायचे, आणि एका ओळीत आटपायचे.

बुधवारी मुकादम बाई त्यांचा चेहरा काढायला गेल्या. मला आधी माहीत असतं तर मी काहीतरी थाप मारून त्यांना अडवलं असतं. गुरुवारी दुपारी मी वाचनालयात शिरले तर त्या भिंतीपाशी शिडीवर उभ्या, हातात कोळप्यांचं पेन्सिलचं चित्र.

“गेला होतात?” मी विचारलं.

“हो ना. फार गप्प माणूस आहे हो तुमचा.”

“कोण, कोळपे?”

“तासभर बसले मी. हूं नाही की चूं नाही. त्यांचं वाक्य वाचून दाखवलं, तर माझ्याकडे बघत राहिले आणि मग नुसती मान हलवली.”

“हो म्हणून हलवली, की नाही म्हणून?”

मुकादम बाईंनी खाली वळून माझ्याकडे बघितलं. “मान हलवली, एवढंच. का हो?”

मी बाहेर पडले. घरी जाऊन पिशवी उचलली. जायलाच हवं होतं. सोमवारी उद्घाटन, आमदार येणार, कोणीतरी कोळप्यांना ‘वा, काय वाक्य’ म्हणायला जाणार, आणि ते म्हणणार, मी हे बोललोच नाही, मुळात ताईंचं तोंडच चार महिन्यांत दिसलेलं नाही. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तेव्हा मला माझ्या अब्रूचीच चिंता होती, हे कबूल करते.

दोरी धरून सव्वीस पायऱ्या चढले. दीड तास ऐकायची तयारी ठेवली होती. चार महिन्यांचं साठलेलं असणार, तीन तास लागले तरी ऐकेन असं मनाशी म्हणत होते. कोळप्यांची सून सुरेखा दाराशी बसून साडीला फॉल लावत होती. मला बघून तिनं सुई थांबवली.

“या,” ती म्हणाली. हसली नाही.

कोळपे बारीक झाले होते. दाढी वाढलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, छातीवरच्या पाटावरचं पुस्तक मिटलं आणि पुढे केलं. तेच, चार महिन्यांपूर्वीचं. पाठीवरचा नंबर घासून पुसट झाला होता.

“झालं वाचून,” ते म्हणाले.

मी पुस्तक घेतलं, नवं पाटावर ठेवलं, आणि स्टूल ओढून बसले. वाट बघितली. खाली भांड्यांच्या दुकानात कोणीतरी पातेली रचत होतं. कोळपे छताकडे बघत होते.

“कसं वाटलं?” मी विचारलं.

“बरं.”

“खुनी कोण निघाला?”

“आहे शेवटी. तुम्ही वाचा.”

“मला यायला जमलं नाही हो. घरी सासूबाई…”

“हां. असतं घरचं.”

ना राग, ना टोमणा. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरले असते. मी नवं पुस्तक उगीच सरळ केलं. मग न राहवून म्हणाले, “मुकादम बाईंनी तुम्हाला ते वाक्य वाचून दाखवलं…”

तेव्हा त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “खांबावरून गाव दिसत नाही, ताई,” ते म्हणाले. “खांबावर असताना माणूस हातातली तार बघतो. गाव बघायला गेला तो पडला. मी तसाच पडलो.”

आणि पुन्हा छताकडे. त्या दुपारी ते एवढंच बोलले.

मी उठले. सुरेखा जिन्यापर्यंत आली. दार ओढून घेऊन ती हळू आवाजात म्हणाली, “ताई, रागावू नका. ते तुमच्याशी मुद्दामच बोलले नाहीत.”

“रागावले असतील. हक्कच आहे त्यांचा.”

“रागावले नाहीत हो. पहिल्या महिन्यात मी म्हणाले, वाचनालयात जाऊन विचारून येते, तर मला जाऊ दिलं नाही. म्हणाले, मी फार बोलतो, त्यांना कंटाळा आला असेल. पुन्हा कधी आल्याच, तर मी तोंड उघडणार नाही. पुस्तक तरी मिळत राहील.”

मी तिला म्हणायला हवं होतं, छे गं, असं काही नाही. माणूस सहज म्हणून जातो. पण तसंच होतं. त्यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या अगदी नेमकं ओळखलं होतं. मी दोरी धरून उतरले. घरी जाऊन सासूबाईंना वाटी-चमच्यानं भात भरवताना रडू आवरेना, तर त्या म्हणाल्या, “अगं, मी मेले नाहीये अजून.”

शनिवारी संध्याकाळी पाचहीजण भिंतीपाशी जमलो. तेरा खिडक्यांत चेहरे झाले होते, चौदावा, कोळप्यांचा, अर्धा. खिडक्यांखाली वाक्यांसाठी पांढरे पट्टे सोडले होते आणि त्यांवर खडूनं अक्षरं आखलेली. उद्या ती रंगानं गिरवायची. कोळप्यांचं सगळ्यात वर, हातभर लांब.

“हे वाक्य पुसा,” मी म्हणाले.

“का?” सर म्हणाले.

“ते बोललेलेच नाहीत. मी लिहिलंय. आठही वाक्यं मी लिहिलीत. चार महिने मी त्यांच्याकडे गेलेच नाही.”

एका दमात बोलून टाकलं. भालेरावांच्या हातात चहाची किटली होती, ती तशीच राहिली. सरांचा चेहरा उतरला. ते काहीतरी कडक बोलणार असं वाटलं, आणि बोलले असते तर मला बरंच वाटलं असतं. पण आधी लोखंडे वहिनीच बोलल्या.

“मग माझंही घ्या,” त्या म्हणाल्या. “त्या देवळापाठच्या गुरव काकू. काही दिलं तरी म्हणतात, बरं होतं. चरित्र दिलं, बरं होतं. पाककृती दिल्या, बरं होतं. दर वेळी वहीत ‘बरं होतं’ काय लिहू? सर लाल शाईनं रेघ मारतात. मग मी आपलं माझ्या मनानं…”

“वहिनी!” सर म्हणाले.

“काय वहिनी? तुम्हीच म्हणता ना, अभिप्राय जिवंत पाहिजे.”

भालेरावांनी किटली कट्ट्यावर ठेवली. “माझे दोघं,” ते म्हणाले. “एकाला ऐकू येत नाही. दुसऱ्याला मी काय विचारतोय तेच कळत नाही.”

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. का बघितलं कोण जाणे. सर कट्ट्यावर बसले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“माझ्याकडच्या देशमुखांना आता दिसत नाही,” ते म्हणाले. “वर्ष झालं. घरच्यांना बाहेर सांगू दिलेलं नाही त्यांनी. पुस्तक मांडीवर घेऊन बसतात. मी गेलो की म्हणतात, रणदिवे, काय लिहायचं ते तुम्हीच लिहा. मी लिहितो.” मग म्हणाले, “वही चांगली दिसते.”

सगळे इतके दमलेले होतो, की भांडायलाही कोणात त्राण नव्हतं. मुकादम बाई शिडीवरून खाली बघत होत्या. त्यांच्याकडे घरपोच पुस्तकांचं काम नव्हतं. त्या एकट्याच काय त्या निर्दोष.

“मग लिहू काय ते सांगा,” त्या म्हणाल्या. “वाटीतला रंग वाळतोय.”

सरांनी उठून फडकं घेतलं आणि स्वतःच्या हातानं खडूची सगळी अक्षरं पुसली. रविवारी आम्ही चौघं सकाळपासून फिरलो. वही घेतली नाही, साध्या चिठ्ठ्या घेतल्या. जे म्हणतील तेच, जसंच्या तसं. दुपारपर्यंत तेरा चिठ्ठ्या आल्या. गुरव काकूंचं, “बरं होतं.” शिंपी गल्लीतल्या आजोबांचं, “अक्षर मोठं असलेलं आणत जा.” एकीचं, “दुपार जाते.” सर देशमुखांकडून आले तेव्हा डोळे लाल होते, चिठ्ठीवर लिहिलेलं, “कोणी वाचून दाखवलं तर ऐकेन.”

मी कोळप्यांकडे सगळ्यात शेवटी गेले. सगळं सांगितलं, आठही वाक्यं म्हणून दाखवली, मंडळात कबूल केल्याचंही सांगितलं. सुरेखाचं फॉल लावणं थांबलं होतं. कोळप्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझ्यासारखं मध्येच उठून ते जाणार कुठे?

“आता तुम्ही सांगाल ते लिहिते,” मी म्हणाले. “मला काही बोललात तरी चालेल. तेच भिंतीवर लिहू.”

“मला लिहिण्यासारखं काही नाही,” ते म्हणाले. “तुम्ही लिहिता ते बरं असतं.”

“असं नका म्हणू.”

“चांगलं असतं, खरंच. बाईंनी वाचून दाखवलं तेव्हा वाटलं, एवढंच बोलायला हवं होतं आपण. एक ओळ. माणूस कंटाळत नाही.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी ठेवू दिला, पण पुढे काही बोलले नाहीत.

सोमवारी आमदार आले, नारळ फुटला. वर्तमानपत्रवाल्यानं विचारलं, या एका खिडकीखाली काहीच कसं नाही? मुकादम बाई म्हणाल्या, पट्टा वाळायचा राहिलाय. ते तसंच छापून आलं. पट्टा अजून तसाच पांढरा आहे. नंतर दोनदा भिंत रंगवली, तरी मी तिथं काही लिहू दिलं नाही.

त्यानंतर चार वर्षं मी दर दुसऱ्या गुरुवारी कोळप्यांकडे गेले. एकदाही चुकवलं नाही. सासूबाई गेल्या त्या आठवड्यातसुद्धा गेले. पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं. “झालं वाचून.” “बरं.” “हां.” मी स्टुलावर बसून राहायची, ते छताकडे बघायचे. खूप प्रयत्न केले. मुद्दाम चुकीचा खुनी सांगून बघितला, तरी ते नुसते गालातल्या गालात हसले. त्यांनी मला पुन्हा एकही गोष्ट सांगितली नाही. ते गेले तेव्हा शेवटचं पुस्तक सुरेखानंच आणून दिलं.

पण त्यांचं बोलणं काही थांबलं नव्हतं. त्या चार महिन्यांत, एकच पुस्तक हातात असताना, ते सुरेखाला सांगायला लागले होते, आणि तिला ते आवडायला लागलं होतं. एका गुरुवारी मी लवकर गेले आणि जिन्यात पाय ठेवला तर वरून त्यांचा आवाज येत होता, जुन्यासारखा, भरभरून. कोण कुठल्या गाडीतून उतरला, त्याच्या पिशवीत काय होतं. सुरेखा मध्येच विचारायची, मग? मी चार पायऱ्या चढले. माझी चप्पल वाजली आणि आवाज बंद झाला. वर गेले तर पुस्तक मिटलेलं आणि पुढे केलेलं.

पुढच्या वेळेपासून मी चपला खाली दुकानाच्या फळीशी काढून ठेवायची. अनवाणी, दोरी धरून, आठव्या-नवव्या पायरीपर्यंत जायची आणि तिथं बसायची. गुडघे ठणकायचे, कचेरीत उशीर व्हायचा, भांडीवाला विचित्र नजरेनं बघायचा. गोष्ट संपेपर्यंत मी हलायची नाही.

मग खाली उतरायची, चपला घालायची, आणि वाजवत वर जायची.